रांगेत उभं कोण राहणार?

आमच्या जुन्या कॉलेजात ‘सिस्टिम सिम्युलेशन अँड मॉडेलिंग’ हा विषय आधी ऐच्छिक झाला आणि यंदा पुरेशी मुलं मिळाली नाहीत म्हणून बंदच पडला. “सर, सिम्युलेशनचा प्रोग्राम आता एआय दोन मिनिटांत लिहून देतं,” असं सांगून सहकारी हसला. देतं, खरं आहे.

विषयाचा इतिहास मी वर्गात दहा मिनिटांत उरकत असे. १९६१ साली आयबीएमच्या जेफ्री गॉर्डनने जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा आणली. पुढे ऑस्लोत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला केली. क्लास आणि ऑब्जेक्ट १९६७च्या सिम्युलातले, हे जावा शिकवणाऱ्या कित्येकांना आजही ठाऊक नसतं. असो.

खरी मजा नव्वदच्या दशकात होती. हातात नरसिंग देव यांचं पुस्तक, त्यातले प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये आणि आमच्या लॅबमध्ये टर्बो सी. मुलं आधी अडायची ती घड्याळापाशी. इथलं घड्याळ टिकटिक करत नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. यादीतली सर्वांत आधीची घटना उचलायची, घड्याळ तिथे न्यायचं, तिच्यामुळे घडणारी पुढची घटना वेळेनुसार यादीत खोचायची. परीक्षेपुरती घोकलेली लिंक्ड लिस्ट इथे पहिल्यांदा कामाला यायची.

रँडम आकड्यांसाठी सीड न देता रँड वापरलं की दर वेळी तेच आकडे, तोच क्रम. त्यामुळे एकमेकांचा प्रोग्राम उतरवलेल्या मुलांची जर्नलं दशांशापर्यंत जुळत. तेव्हाचे आमचे विभागप्रमुख त्यावर खूश! कोणी सीड बदलून वेगळी सरासरी आणली, की लाल शाईत ‘चूक’.

एक गणित मात्र सगळ्यांनाच चक्रावून टाकायचं. खिडकी एक, प्रत्येक कामाला सरासरी ६ मिनिटं, येणं आणि काम दोन्ही एक्स्पोनेन्शियल. तासाला ८ माणसं आली तर खिडकीशी पोचायला सरासरी २४ मिनिटं लागतात. ९ आली तर ५४. तासाला एकच माणूस वाढलं! मुलं प्रोग्राममध्ये बग शोधत बसायची. मग मी त्यांना मनगटी घड्याळ आणि वही घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर पाठवायचो. परत आल्यावर तक्रारी सुरू: बस लागली की माणसं घोळक्याने येतात, मध्ये घुसणारे असतात, रांग बघूनच काही जण परत फिरतात, क्लार्क चहाला उठतो. पुस्तकातलं सुटसुटीत वितरण तिथे कोलमडायचं आणि मॉडेलिंगचा तास खरा तिथून सुरू व्हायचा.

पुढच्या वीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पॅकेज आलं, चौकोन ओढून बाणांनी जोडले, रंगीत आलेख छापले. आगमनाचा दर कुठून आणला असं विचारलं, की उत्तर यायचं, “डिफॉल्ट होता, सर.”

अभ्यास मंडळाला एकच विनंती. विषय परत आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण खऱ्या रांगेशी दोन तास उभं राहून नोंदी घेण्याचं एक प्रॅक्टिकल, दहा गुणांचं का होईना, कुठल्या तरी पेपरात ठेवा.