पोटात कळ उठली तर

सावद्याच्या केळीपट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बागेत दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं ते जेवतानाच. मग लघवी दाट होते, क्षार साचून मुतखडा धरतो. त्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही. अपेंडिक्सचं उलटं. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं बहुधा काही तासांत उजवीकडे खाली सरकतं आणि पेशंट हलायलाच घाबरतो. ओवा-हिंग गॅसपुरतं ठीक, इथे नाही. जुलाबाचं औषध तर मुळीच देऊ नका. पोट कडक झालं, ताप आला, उलट्या थांबेनात, लघवी अडली, संडास डांबरासारखी काळी झाली किंवा जिचं पोट दुखतंय ती बाई गरोदर असली, तर सकाळची वाट पाहू नका. 108ला फोन करा.