न्हाणीघरातील दुर्गंधीचा माग

वैनगंगेच्या खोऱ्यातील तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण उन्हाळ्यात कोरड्या झळा सोसते आणि पावसाळ्यात धानाच्या तुडुंब बांध्यांनी वेढले जाते, त्यामुळे तेथील न्हाणीघरात येणारी दुर्गंधीही ऋतूनुसार वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकते. असा वास आला की घरोघरी प्रथम फिनेल ओतले जाते आणि डांबरगोळ्या टाकल्या जातात. त्याने वास काही काळ दबतो, पण त्याची वाट बंद होत नाही. बंद खोलीत वास सर्वत्र पसरत असल्याने नाकाला त्याचे ठिकाण चटकन सापडत नाही, आणि म्हणूनच तो कोठून येतो याआधी केव्हा येतो, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

मोरीच्या जाळीखाली बसवलेल्या आणि प्लंबर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात त्या भांड्यात थोडे पाणी कायम साचून राहते आणि नळीतील वायू घरात शिरण्यापासून अडवते. या अडवणाऱ्या पाण्याच्या थराला जलबंध म्हणतात व त्याची खोली साधारण ५० मिलिमीटर ठेवली जाते. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाचे जे पेटंट घेतले, त्यातील वाकलेली नळी याच तत्त्वावर होती. मे महिन्यात कुटुंब गावाला गेले आणि घर बंद राहिले, की कोरड्या हवेत हा जलबंध आटतो. परतल्यावर दार उघडताच वास आला, तर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून काही तास थांबणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय. क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोरीत पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते.

पाणी ओतूनही वास परतत असेल, तर तो कोणत्या कृतीपाठोपाठ येतो हे तपासावे. वरच्या मजल्यावर पाणी सोडताच खालच्या मोरीत गुडगुड आवाज होऊन वास येत असेल, तर उभ्या नळीतून कोसळणारे पाणी आपल्यामागे पोकळी निर्माण करून जलबंधातील पाणी ओढून नेते, आणि हवा पुरवणारी गच्चीवरची वायुनळी बुजलेली किंवा मुळातच बसवलेली नसते, असा त्याचा अर्थ होतो. एक्झॉस्ट पंखा लावल्यावर वास वाढत असेल, तर दार-खिडकी बंद असताना पंखा कोरड्या मोरीतूनच हवा खेचतो. हाँगकाँगमधील ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ मध्ये सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा कोरडे पडलेले जलबंध आणि असे पंखे हीच संसर्गाची संभाव्य वाट असल्याचे तपासात पुढे आले.

काही जाळ्यांखाली जलबंधासाठी उलटी वाटी असते. केस अडकून पाणी तुंबते म्हणून ती काढून ठेवली, तर पाणी झरझर जाते खरे, पण वासालाही मोकळे रान मिळते. जाळी उचलल्यावर तिच्या खालच्या बाजूस केस, साबण आणि जिवाणूंचा काळपट बुळबुळीत थर आढळल्यास वासाचे उगमस्थान तेथेच असू शकते, आणि तो थर ब्रशने खरवडूनच निघतो. वॉशिंग मशीनची नळी थेट निचऱ्याच्या पाइपात खुपसलेली असल्यास तिच्याभोवतीची फटही तपासावी. वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तर बादलीतील पाणी अंगणात नेऊन हुंगावे. तेथेही तो आला, तर दोष मोरीचा नसून गीझरचा असतो, कारण गंज रोखण्यासाठी त्यात बसवलेल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे पाण्यातील काही जिवाणूंना सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू, तयार करण्यास चालना मिळते.

वास पावसाळ्यातच येत असेल, तर शोध घराबाहेर न्यावा लागतो. भूमिगत मलवाहिनी नसलेल्या लहान शहरांत सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते आणि टाकीतून निथळलेले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. भोवतालची जमीनच पाण्याने भरली, की ते मुरत नाही, टाकीतील पातळी चढते आणि वायू नळीने मागे सरकतो. अशा वेळी न्हाणीघराच्या फरशा फोडण्याआधी चेंबरमधील पाण्याची पातळी आणि टाकीच्या वायुनळीची जाळी पाहणे शहाणपणाचे ठरते.

या तपासात दोन पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ती एकापाठोपाठ मोरीत टाकू नयेत. टाकीचे झाकण उघडताना जवळ काडी पेटवू नये आणि कोणालाही आत उतरवू नये. टाकीतील मिथेन पेट घेतो, तर हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा झाल्याने धोका टळल्याचा भ्रम होतो. सुरक्षा साधनांविना टाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे उपसा यंत्राच्या टँकरनेच करून घ्यावा. तांब्याभर पाण्यापासून टँकरपर्यंतचा हा क्रम पाळला, तर अनेक घरांत तपास पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच संपतो आणि गवंडी बोलावण्याचा खर्च वाचतो.