फोल्डरची नावे वेगळी, नक्कल मात्र पुरी हवी

कापड बाजारात चोपडीची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बरीच वर्षे झाली. चोपडी कपाटात दिसली की तसल्ली असायची. डिस्क बिघडली तर बिले, उधारी, डिझाइनचे फोटो सारे एकदम जाते. शिवाय 2017 च्या जीएसटी कायद्याप्रमाणे हिसाबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागते. म्हणून रोज दुकान बंद करताना दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्यावी, आणि ती बॅच फाइलने घ्यावी, असे आम्ही व्यापारी बंधूंना सुचवतो. बॅच फाइल म्हणजे नोटपॅडमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा. एकदा लिहिली की मुनीम रजेवर असला तरी अडत नाही.

खरी अडचण नावांची. मालेगावच्या मालाचे फोल्डर एक जण ‘मालेगाव एप्रिल’ नावाने करतो, दुसरा ‘मालेगांव-04’ लिहितो. बॅच फाइलीत एकच नाव लिहिले तर दुसरे फोल्डर मागे राहते. ‘एक्सकॉपी’ला पत्त्याच्या मधल्या नावात तारा (*) चालत नाही. अशा वेळी ‘फॉर /डी’ ही आज्ञा कामाची. ती जुळणारे एकेक फोल्डर शोधून पुढच्या आज्ञेच्या हाती देते:

फॉर /डी %%ए इन ("डी:\दुकान\माले*") डू रोबोकॉपी "%%ए" "ई:\नक्कल\%%~एनएक्सए" /ई

(टाइप करताना हे सारे रोमन अक्षरांत करावे.) ‘%%~एनएक्सए’ने मूळ फोल्डरचे नाव नकलेलाही मिळते. ते गाळले तर सगळा माल एकाच गोणीत पडेल, आणि एकाच नावाचे बिल दुसऱ्या बिलावर बसेल. नावात मोकळी जागा असते, म्हणून अवतरणचिन्हे हवीतच. टक्क्याचे चिन्ह बॅच फाइलीत दोनदा, थेट काळ्या खिडकीत एकदाच. ‘/ई’मुळे आतली फोल्डरेही येतात. साधी ‘कॉपी’ ती आणत नाही.

तारा जपून लावावा. ‘मा*’ लिहिले तर मालेगावबरोबर माहीमही येईल. आधी ‘रोबोकॉपी’च्या जागी ‘एको’ लिहून चालवावे. नक्कल होत नाही, फक्त कोणती फोल्डरे सापडली ती यादी दिसते.

दुकानात दोन-तीन संगणक असतील तर प्रत्येकावर वापरणाऱ्याचे नाव निराळे असते. तिथे नाव न लिहिता %यूजरप्रोफाइल% लिहावे, जो चालवील त्याचे फोल्डर आपोआप घेतले जाते.

कोणी ‘/मिर’ लावायला सांगेल. मूळ जागी जे नाही ते ही खूण नकलेतूनही पुसते. चुकून पुसलेले बिल नकलेत तरी सापडावे, यासाठीच तर हा खटाटोप. आम्ही ती लावत नाही.

नकलेआधी हिसाबाचा प्रोग्राम बंद करावा, आणि महिन्यातून एकदा नकलेतले एखादे जुने बिल उघडून पाहावे.