बांध्या, गट नंबर आणि हार्ड डिस्क

धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ‘शेती कुठे आहे’ असे विचारले, तर ती एका बोटाने दाखवता येत नाही. दोन बांध्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खाली, एक नाल्यापलीकडे कन्हार मातीत, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला बरडीवर. मालक एकच, पण रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन या बांधीतून त्या बांधीत जाता जाताच दुपार होते. जमीन तेवढीच असते. ती विखुरलेली असल्याने वेळ जातो.

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इथल्या घरांत आणि दुकानांत अजून टिकून असलेल्या जुन्या डेस्कटॉपच्या पोटात हाच प्रकार चालू असतो. मुलीच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेले यंत्र पहिली दोन वर्षे झपाझप चालते. मग लग्नाचे फोटो येतात, परीक्षांचे अर्ज येतात, डाउनलोड केलेले सातबारे येतात, काही पुसले जाते, नवे भरले जाते, आणि एक दिवस यंत्र चालू होईपर्यंत चहा पिऊन होतो. कुणीतरी सांगते, ‘डिफ्रॅग मार’. दुसरा सांगतो, विंडोजमधले नको, बाहेरचे चांगले सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर आणून देतो. या दोन सल्ल्यांपैकी कोणता घ्यावा, हे ठरवण्याआधी डब्यात नेमके काय फिरते ते पाहायला हवे.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून तरंगणारी एक भुजा. भुजेच्या टोकाला वाचणारे डोके, म्हणजे हेड. घरगुती डेस्कटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी भुजेला योग्य वर्तुळावर सरकावे लागते. त्याला आणखी नऊएक मिलिसेकंद. माहितीच्या एका तुकड्यापर्यंत पोहोचायचा हा प्रवास झाला १३ मिलिसेकंदांचा. एकदा पोहोचले, की वाचण्याचे काम वेगात होते. सेकंदाला १०० एमबी सहज.

आता ४ एमबीचा एक फोटो घ्या. तो सलग ठेवलेला असेल, तर १३ मिलिसेकंद प्रवास आणि ४० मिलिसेकंद वाचन. डोळ्याचे पाते लवायच्या आत काम संपते. तोच फोटो १०० तुकड्यांत पसरला असेल, तर प्रवासच १,३०० मिलिसेकंदांचा होतो. वाचायचे तेवढेच, वेळ मात्र पंचवीसपट.

तुकडे पडतात कसे? विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था डिस्कचे साधारणपणे ४ केबीचे गाळे पाडते. फाइल पुसली, की तिचे गाळे मोकळे होतात. नंतर आलेली मोठी फाइल एका जागी मावली नाही, तर मिळेल त्या मोकळ्या गाळ्यांत बसते. कुठल्या फाइलचा कोणता भाग कुठे आहे, याची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’ नावाच्या दप्तरात राहते. या दप्तराला डिस्कचा सातबारा म्हणायला हरकत नाही. मालकाचे नाव एक, खाली जागांची यादी लांबच लांब.

महाराष्ट्रात जमिनीच्या बाबतीत या दुखण्यावर कायदा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याचे दोन हात होते. एक, वाटण्यांमुळे होणारे तुकडे थांबवणे; दुसरा, विखुरलेल्या जमिनींची अदलाबदल करून प्रत्येकाची जमीन शक्य तितकी एका जागी आणणे. ही योजना जिथे राबली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. डिफ्रॅगमेंटेशन म्हणजे हीच योजना डिस्कवर राबवणे. फाइल तीच, नाव तेच, आतला मजकूर तोच. फक्त गाळे सलग होतात आणि दप्तरातली जागांची नोंद बदलते.

या कायद्यातला एक शब्द संगणकवाल्यांनीही शिकावा असा आहे: प्रमाणभूत क्षेत्र. कायद्याच्या लेखी प्रत्येक लहान जमीन ‘तुकडा’ नसते. ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून जी लहान, ती तुकडा. विंडोजनेही व्हिस्टापासून असेच एक प्रमाण ठरवले आहे, ६४ एमबी. त्याहून मोठा तुकडा विंडोज आपणहून हलवत नाही. कारण हिशेबात आहे. ६४ एमबी वाचायला ६४० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे भुजेच्या १३ मिलिसेकंदांचा प्रवास म्हणजे जेमतेम दोन टक्के. दिवसभर पुरेल एवढी मोठी बांधी असेल, तर ती शेजारच्या बांधीला जोडून नांगरणाऱ्याचा वेळ फारसा वाचत नाही. बाहेरची कित्येक सॉफ्टवेअरे ‘विंडोजने अर्धवट सोडलेले तुकडे आम्ही जोडतो’ अशी जाहिरात करतात, तेव्हा त्या अर्धवट सोडण्यामागे हे गणित असू शकते, हे लक्षात ठेवावे. शंभर टक्के सलग डिस्क दिसायला सुंदर दिसते. घरच्या कामाला तिचा उपयोग फार थोडा.

अंगचे, म्हणजे विंडोजमधले, आणि बाहेरचे हा भेदसुद्धा वाटतो तितका पक्का कधीच नव्हता. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये आलेला ‘डिफ्रॅग’ मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून परवान्यावर घेतला होता. विंडोज २००० मधले अवजार एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीच्या ‘डिस्ककीपर’ची हलकी आवृत्ती होती, आणि एक्सपीमध्येही तीच परंपरा चालली. लोक ज्याला विंडोजचे म्हणत, ते मुळात बाहेरूनच आलेले होते.

त्या एक्सपीच्या काळात मात्र बाहेरच्या अवजारांना खरा अर्थ होता. अंगचे अवजार आपणहून चालत नसे. आठवण ठेवून, रंगीत पट्ट्यांकडे पाहत तासन्‌तास बसावे लागे. नीट काम करायला डिस्कवर १५ टक्के जागा मोकळी लागे. शिवाय विंडोज चालू असताना पेजफाइल आणि रजिस्ट्रीच्या फायली उघड्याच असत, त्यांना ते हात लावू शकत नसे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सने यासाठी ‘पेजडिफ्रॅग’ हे मोफत अवजार दिले. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभ्या केलेल्या क्विक हीलच्या टोटल सिक्युरिटीबरोबर ‘पीसी ट्यूनर’ मिळे. त्यातला डिफ्रॅगमेंटरही पेजफाइल आणि रजिस्ट्री याच अवघड जागेसाठी होता. संगणक-दुरुस्तीच्या धंद्यातून वर आलेल्या कंपनीने ग्राहकाची ही अडचण ओळखावी, हे साहजिकच होते.

व्हिस्टाने चित्र बदलले. डिफ्रॅग आठवड्यातून एकदा, वेळापत्रकाने, मागच्या मागे आणि इतर कामांना वाट देत चालू लागले. विंडोज ७ च्या मदतपानांवर साधा निकष होता: विखुरलेपण १० टक्क्यांवर गेले, तरच हात घाला. विंडोज ८ पासून त्याच अवजाराचे नाव ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ झाले.

मग बाहेरची अवजारे वेगळे काय करतात? एनटी ४.० पासून, म्हणजे १९९६ पासून, फाइलचे गाळे हलवण्यासाठी विंडोजने एक ठरलेला दरवाजा ठेवला आहे. डिफ्रॅगलर असो, ऑसलॉजिक्स असो की बर्लिनच्या ओ अँड ओ कंपनीचे असो, सामान्यपणे सगळे त्याच दरवाजातून जातात. फरक उरतो तो क्रम लावण्यात, एखादीच फाइल निवडून सलग करण्यात, विंडोज सुरू होण्याआधी काम करण्यात आणि नकाशा दाखवण्यात. लग्नाचे तासन्‌तासांचे व्हिडिओ मोठ्या हार्ड डिस्कवर संपादित करणाऱ्या स्टुडिओला मोकळी जागा सलग हवी असते, हे खरे. पण ती सोयही विंडोजच्या ‘डिफ्रॅग’ आज्ञेत स्लॅश एक्स लिहिले की मिळते.

बाहेरच्या अवजाराची किंमत मात्र पैशातच मोजायची नसते. डिफ्रॅगलर बनवणाऱ्या पिरिफॉर्मचे सीक्लीनर जगभर विश्वासाचे मानले जाई. २०१७ साली त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड मिसळला आणि तो २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचला. मूळ संकेतस्थळावरून घेतलेल्या सॉफ्टवेअरची ही गत. पेनड्राइव्हवरून आलेल्या, कुलूप फोडलेल्या प्रतीत काय असेल, याची कल्पना करावी. डिफ्रॅगचे अवजार प्रशासकाच्या अधिकाराने चालते. त्याच्या हाती घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या जातात.

विजेचा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात कुणीही आधी विचारेल. डिफ्रॅग चालू असताना दिवे गेले तर? एनटीएफएसवर गाळा हलवताना आधी नव्या जागी नक्कल होते, मग दप्तरात फेरफार होतो आणि त्यानंतर जुनी जागा मोकळी होते. फेरफाराची नोंद वेगळ्या वहीत आधीच झालेली असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी दप्तर जुळवून घेता येते. तरी यूपीएसशिवाय मोठे काम लावू नये. धोका डिफ्रॅगपुरता नसतो. तबकडी फिरत असताना पुन्हा पुन्हा वीज जाणे यंत्राला बरे नाही.

वीज वाचवण्याच्या चांगल्या सवयीमुळे घराघरांत आणखी एक गोष्ट घडते. काम संपले, की संगणक बंद आणि भिंतीवरचे बटणही बंद. विंडोज ७ चे डिफ्रॅग मुळात बुधवारी पहाटे एक वाजता लावलेले असे. विंडोज १० ची देखभाल पहाटे दोनला. त्या वेळी यंत्र बंद असेल, तर पुढच्या रिकाम्या वेळेची वाट पाहिली जाते, आणि ती रिकामी वेळ अशा घरात येतच नाही. बाहेरचे सॉफ्टवेअर शोधण्याआधी रविवारी जेवणाच्या वेळी संगणक तासभर नुसता चालू ठेवून पाहावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, कारण बॅटरीवर हे काम सहसा सुरू होत नाही.

हे सारे फिरत्या तबकडीचे झाले. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात तबकडी नाही, भुजा नाही, प्रवास नाही. कुठलाही गाळा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर हाती येतो. शिवाय आतला नियंत्रक माहिती स्वतःच्या हिशेबाने चिपांवर पसरवतो. विंडोजला जे गाळे शेजारी दिसतात, ते प्रत्यक्षात शेजारी असतीलच असे नाही. तिथे जुन्या पद्धतीचे डिफ्रॅग करणे म्हणजे फुकटचे लिखाण, आणि फ्लॅश चिपांना लिहिण्याची मर्यादा असते. त्यामुळे एसएसडीवर ‘ऑप्टिमाइझ’ दाबले, की विंडोज मुख्यतः ‘ट्रिम’ करते: कोणते गाळे आता मोकळे आहेत, ते एसएसडीला कळवते. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल, तर अधूनमधून ते एसएसडीवरही थोडे डिफ्रॅग करते. तेवढ्याने बिघडत नाही. अंगचे अवजार चुकतच नाही असेही नाही. मे २०२० च्या विंडोज १० आवृत्तीत ते मागची तारीखच विसरत असे आणि पुन्हा पुन्हा काम सुरू करी. त्याच वर्षी ती चूक दुरुस्त झाली.

एमएस-सीआयटीच्या काळात लागलेली दरमहा डिफ्रॅगची सवय ज्यांनी निष्ठेने जपली आहे, त्यांनी स्टार्टमध्ये ‘डिफ्रॅग’ लिहून ती खिडकी एकदा उघडावी. तिथे ‘मीडिया टाइप’ नावाचा रकाना आहे. ‘सॉलिड स्टेट’ लिहिले असेल, तर वेळापत्रक चालू आहे एवढे पाहून खिडकी मिटावी. ‘हार्ड डिस्क’ लिहिले असेल आणि विखुरलेपण दहा टक्क्यांच्या आत असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर दोष तुकड्यांचा नाही. विंडोज सुरू होताना शेकडो वेगवेगळ्या लहान फायली वाचते आणि प्रत्येकीसाठी भुजेला धावावे लागते. प्रत्येक फाइल आतून कितीही सलग असली, तरी या धावा वाचत नाहीत. अशा डेस्कटॉपमध्ये विंडोजपुरती लहान एसएसडी बसवली, की फरक पहिल्याच दिवशी दिसतो. निघालेली हार्ड डिस्क, तिची प्रकृती ठीक असेल तर, यंत्रातच दुसरी म्हणून ठेवता येते. लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, धानविक्रीच्या पावत्या तिच्यावर राहतात. अशा फायली एकदाच लिहिल्या जातात आणि क्वचितच पुसल्या जातात, म्हणून तिथे तुकडे फारसे पडतच नाहीत.