काळ्या मातीचे अंतरंग : क्ष-किरणांची साक्ष

दख्खनच्या पठारावरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कपाशीला ती मानवते. परंतु तिच्यावर उभारलेल्या शाळांच्या भिंतींना, रस्त्यांना व कालव्यांच्या अस्तराला तिच्यामुळे तडे जातात. याचे कारण मातीच्या काळ्या रंगात नसून तिच्या सूक्ष्म कणांच्या स्फटिकरचनेत आहे. ही रचना ओळखण्याचे खात्रीचे साधन म्हणजे क्ष-किरण विवर्तन होय.

चिकणमातीचे स्फटिक वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या थरांचे असतात. कोकणातील जांभ्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइट या खनिजाचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही. बसाल्ट खडकाच्या विदारणातून काळ्या मातीत निर्माण होणाऱ्या स्मेक्टाइट गटातील खनिजांचे थर मात्र सैल बांधलेले असतात. पाणी आत शिरले की ते दूर सरतात, पाणी आटले की जवळ येतात.

हे अंतर मोजायचे कसे? १९१२ साली माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगात स्फटिकांमुळे क्ष-किरणांचे विवर्तन होते असे आढळले. ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून स्फटिकरचना शोधण्याची पद्धत सिद्ध केली व १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. लागोपाठच्या थरांवरून परतणारे किरण ठरावीक कोनातच परस्परांना बळ देतात. थरांतील अंतर जितके अधिक, तितका हा कोन लहान. म्हणून कोनावरून अंतर काढता येते.

प्रयोगशाळेत मातीतील ०.००२ मिलिमीटरहून लहान कण वेगळे करून काचपट्टीवर निवळू देतात, म्हणजे थर आडवे बसतात. केओलिनाइटचे अंतर सुमारे ०.७ नॅनोमीटर येते. स्मेक्टाइटचे अंतर हवेत वाळलेल्या स्थितीत बहुधा १.२ ते १.५ नॅनोमीटर असते; ग्लायकॉलची वाफ दिल्यावर ते सुमारे १.७ होते आणि ५५० अंश सेल्सिअसला तापविल्यावर १.० पर्यंत मिटते. हे उघडणे-मिटणे हीच स्मेक्टाइटची ओळख होय.

प्रत्येक बांधकामासाठी अशी तपासणी करावी लागत नाही. तिने दाखविलेल्या कारणाचा पडताळा एका साध्या चाचणीतही येतो. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग दोन मोजपात्रांत घालून एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरतात. रॉकेलात माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोहोंतील मातीच्या आकारमानात जो फरक दिसतो, त्यावरून तिचा फुगण्याचा गुण कळतो. फरक मोठा असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने न फुगणाऱ्या मुरमाची भर, खोल पाया अथवा तळाशी रुंद केलेले पायाचे खांब यांची योजना करता येते. भिंतीला तडा गेल्यानंतर गिलावा करण्यापेक्षा पाया खणण्यापूर्वी माती तपासणे केव्हाही स्वस्त पडते.