खरकट्याच्या डब्याचा वास आणि मूठभर पाचट



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खताच्या मात्रा आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. आज मात्र स्वयंपाकघरातल्या खरकट्याच्या डब्याविषयी लिहीत आहोत. 'ऊसवाल्या साहेबांनी बायकांच्या कामात कशाला पडावे?' असे कोणी म्हणेल. आम्हीही आजवर तसेच समजत होतो, आणि तिथेच आमची चूक झाली.

गोष्ट मे महिन्यातली. आमच्या मातोश्री गुडघ्याच्या दुखण्यामुळे गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली होती. वर्ध्याचा उन्हाळा आपणास ठाऊकच आहे. पारा पंचेचाळीसला टेकलेला. आंब्याच्या साली, टरबुजाची फोडं, उरलेले वरण, चहाचा चोथा, सगळे एकाच झाकणाच्या डब्यात. चौथ्या दिवशी मातोश्रींनी ताट अर्धे ठेवले. विचारले तर म्हणाल्या, "बाप्पा, त्या डब्याच्या वासानं घास उतरत नाई."

आम्ही लगेच सौभाग्यवतींना चार शब्द बोललो. त्यांनी वाद घातला नाही. डबा उचलून आमच्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही गावोगाव लोकाईले खत कसं करा ते सांगता. मंग आपल्या घरचं काऊन सडते, ते एकदा तुम्हीच पहा."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. वास आला की डब्यात फिनेल ओतणे आणि फारच झाले की प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोपऱ्यावर टाकून येणे, एवढाच आमचा उपाय होता. अशाच एका सकाळी शेजाऱ्यांची गाय आमचीच पिशवी गाठीसकट चघळताना दिसली. पिशवी तिच्या तोंडातून ओढून काढली, पण आधीच्या किती पोटात गेल्या असतील कोण जाणे! प्लॅस्टिक ढोराला पचत नाही, ते पोटात साचून राहते आणि शेवटी जनावर दगावते. त्या दिवशी आमची मान खाली गेली. असो.

आता वास का येतो ते पाहू. पाणी साचलेल्या वावरात उसाच्या मुळ्यांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात, हे आपण जाणता. डब्यातही तेच घडते. खरकट्यात पाणी भरपूर. ते तळाशी उतरते, वरचा थर दाबून बसतो, वर घट्ट झाकण. हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेवाचून जगणारे फोफावतात. त्यांच्या कामातून आंबूस आम्ले आणि सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. जोडीला नाकात झोंबणारा अमोनिया. हा अमोनिया म्हणजे नत्रच. युरियाच्या पोत्यातून जे नत्र आपण विकत आणतो, तेच इथे वास होऊन उडून जाते.

यावर तोड काय? कोरडे आवरण. कुजण्याची क्रिया नीट चालावी तर नत्राच्या एका भागाला कर्ब सुमारे पंचवीस ते तीस भाग लागतो. खरकट्यात नत्र आणि पाणी जास्त, कर्ब कमी. उसाच्या वाळल्या पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे आणि पाणी जवळजवळ नाहीच. दोघांची सांगड घातली की पाणी शोषले जाते, मध्ये हवा खेळते आणि वास थांबतो.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९३५ साली महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना त्यांचे सहकारी लगतच्या सिंदी गावात सफाईला जात. पुढे विनोबाजी पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला सफाईसाठी जात असत. घाण उघडी टाकू नये, तिच्यावर लगेच कोरडी माती ओढावी म्हणजे वास आणि माशी दोन्ही टळतात व खतही मिळते, ही शिकवण या भूमीतलीच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेप काकांनी, दहा बाय सहा बाय तीन फुटांचा जाळीदार विटांचा हौद प्रचारात आणला. कचरा, शेणकाल्याचे पाणी आणि माती यांचे थर, आणि भिंतीतल्या भोकांतून हवा. तीन-चार महिन्यांत खत तयार. आपला डबा हा त्याचाच धाकटा भाऊ समजावा.

आमच्या घरी आता जी पद्धत चालू आहे ती अशी :

१. झाकणाचे दोन डबे ठेवावेत. एक वापरात, दुसरा धुऊन उन्हात. उन्हाला आपल्याकडे तोटा नाही.

२. वरणाचे पाणी, ताक वगैरे पातळ पदार्थ डब्यात ओतू नयेत. चहाचा चोथा पिळून टाकावा.

३. तळाशी दोन बोटे बारीक तोडलेले पाचट घालावे. मग प्रत्येक वेळी खरकटे टाकले की त्यावर मूठभर पाचट किंवा चाळलेली कोरडी माती पसरावी. चुलीची राख चिमूटभर चालेल, जास्त नको. राखेमुळे अमोनिया अधिक सुटतो. फिनेल अजिबात नको, त्याने कुजवणारे जिवाणू मरतात.

४. डबा रोज रिकामा करावा. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती एका दिवसाच्या आत उबतात. डबा तीन दिवस ठेवला तर अळ्या ठरलेल्याच.

५. परसात तीन फूट लांब-रुंद विटांचा हौद रचावा, विटांमध्ये फटी ठेवाव्यात. काळ्या जमिनीत खड्डा केला तर पावसाळ्यात पाण्याने भरतो, म्हणून हौद जमिनीवरच बरा, आणि वर टिनाचे छप्पर. माल मुठीत दाबला तर ओलसर लागावा, पाणी गळू नये.

६. मांस, मासळी, हाडे हौदात टाकू नयेत, फूटभर खोल पुरावीत. लग्नातले उरलेले अन्नही ढोरांपुढे ढिगाने टाकू नये. भात-पोळी जास्त खाल्ल्याने त्यांच्या पोटात आम्ल वाढते व जीवावर बेतते.

पाचट आणायचे कोठून, हे ऊस उत्पादकाला विचारावे लागू नये! हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र धरले तरी चाळीस ते पन्नास किलो होते, आणि काडी लावली की त्यातले बहुतेक धुरात जाते. पाचट वावरातच कुजवावे हे आम्ही नेहमीच सांगतो. यंदा तोडणी झाली की घरासाठी दोन पोती भरून कोरड्या जागी टांगून ठेवा. पावसाळ्यात, म्हणजे वास सर्वात जास्त येतो तेव्हा, तीच कामाला येतील.

शेवटी पुरुष सभासदांना एक विनंती. खरकटे सारे घर करते, पण त्याचा वास दिवसभर घरातली बाई सोसते. पाचट तोडून ठेवणे आणि रोज सकाळी डबा हौदावर नेणे, ही दोन कामे आपण घ्यावीत. विनोबाजींच्या खांद्याला फावडे जड झाले नाही, तर आपल्या हाताला डबा का जड व्हावा? आमच्या घरी हे काम आता आमच्याकडे आहे. मातोश्रींची खाट अजून त्याच दाराशी आहे, आणि ताट पूर्ण होते.

हौदाची रचना पाहायची असल्यास गट कार्यालयात आमच्याकडे यावे. येताना सौभाग्यवतींनाही सोबत आणावे, कारण प्रश्न त्यांचेच जास्त असतील.

— ऊस विकास अधिकारी