जमिनीखालची ऊब कोणाची?

ब्रिटनमध्ये जमिनीखालचं तेल राजसत्तेच्या मालकीचं, कोळसा सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यातला. उष्णता मात्र बेवारस! तिच्यासाठी वेगळा परवानाच नाही.

कॉर्नवॉलमध्ये रेड्रुथजवळ युनायटेड डाउन्स इथे ग्रॅनाइटमध्ये दोन विहिरी खोदल्या आहेत. एक सव्वापाच किलोमीटर लांब, दुसरी सुमारे २.४. पहिलीतून कढत पाणी वर घ्यायचं, उष्णता काढून दुसरीतून परत सोडायचं. मधली वाट पोर्थटोवन भ्रंशाच्या भेगांमधून जाते. अशा कामाला बांधकामाची परवानगी स्थानिक कौन्सिल देतं, पाणी उपशाची पर्यावरण संस्था. २०१५च्या कायद्यामुळे ३०० मीटरच्या खाली जागामालकाला विचारावं लागत नाही.

खरी मेख भूकंपाची आहे. भेगांमध्ये पाण्याचा दाब वाढला की ताणाखालचा खडक सरकतो. कोयनेच्या १९६७च्या भूकंपानंतर धरणाच्या पाण्यावरून झालेली चर्चा आपल्याकडे कोण विसरेल? ब्रिटनमध्ये शेल वायूसाठी खडक फोडताना ०.५ रिश्टरचा धक्का बसला की काम थांबवावं लागे. मार्च २०२२ मध्ये कॉर्नवॉलच्याच ईडन प्रोजेक्ट या वनस्पती उद्यानाजवळ भू-औष्णिक विहिरीच्या चाचणीत १.७चा धक्का बसला, म्हणजे त्या मर्यादेच्या साठ पट ऊर्जेचा. लोकांना तो जाणवला आणि चाचणी थांबवली गेली. पण शेल वायूची मर्यादा इथे लागूच नव्हती. कॉर्नवॉलमध्ये जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलते, ते मोजतात. ही पद्धत दगडखाणींतल्या सुरुंगांच्या नियमांमधून उचललेली आहे.

मला ही उसनवारी शहाणपणाची वाटते. रिश्टरचा आकडा खोलवरच्या धक्क्याचा असतो. भिंतीला तडा जातो तो घराखालची जमीन किती जोरात हलली त्यावर. पण सुरुंग वेळ सांगून उडवतात, भ्रंश रात्री दोनलाही सरकतो. शिवाय पंप बंद केला म्हणून धोका लगेच टळत नाही. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये डिसेंबर २००६ मध्ये पाणी सोडणं थांबवल्यावर काही तासांनी ३.४चा धक्का बसला आणि तो प्रकल्प कायमचा गुंडाळावा लागला. म्हणून ‘थांबा’ म्हणणारी रेषा नुकसानीच्या पातळीच्या बरीच खाली हवी.

मालकीचा घोळ मात्र उसन्या नियमांनी सुटत नाही. जर्मनीत भू-औष्णिक उष्णता खाणकाम कायद्याखाली येते. ठरावीक क्षेत्राचा परवाना सरकार देतं. ब्रिटनने २०२३ मध्ये कॉर्नवॉलच्या तीन प्रकल्पांना मिळून १२ मेगावॉट विजेसाठी दराची हमी दिली. पण उद्या शेजारी कोणी विहीर खणून खडक थंड केला, तर पाणी उपशाचा परवाना दाखवून पाण्यासाठी भांडता येईल, उष्णतेसाठी नाही.